पुस्तकांतील चित्रे व रावबहादुर धुरंधर

नवे पुस्तक हाती पडले म्हणजे मुले प्रथम काय करितात, हे पालकांस सांगावयास नको. धडे किती आणि कविता किती याची मोजदाद गुरुजींनी करावी. मुले आधी चित्रे पाहतात. सर्व चित्रे पाहून झाली म्हणजे मगच पुस्तकास कव्हर चढते व त्यावर नाव पडते. हा बालस्वभावच आहे, असे म्हणून आपण मोठी माणसे तो विषय तेथेच सोडून देतो. परंतु ती चित्रे कोणी काढिली, आणि ती छापून आपल्या हाती येईपर्यंत कोणकोणत्या हातांतून गेली, याचा विचार क्वचितच कोणी करीत असेल. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत असते; चित्रकाराचे नाव मात्र आतल्या पानावर बारीक टाइपात शोधावे लागते. या लेखात पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या एका थोर महाराष्ट्रीय चित्रकाराचा परिचय करून देण्याचा आमचा हेतू आहे, आणि त्या निमित्ताने चित्राचे पुस्तकात नेमके काम काय, याचाही थोडा विचार करावयाचा आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की, पुस्तकातील चित्र हे केवळ शोभेसाठी असते. लग्नपत्रिकेवरील वेलबुट्टीप्रमाणे ते असले काय आणि नसले काय, मजकुरास काही उणे पडत नाही. ही समजूत बरोबर नाही. एक साधे उदाहरण घेऊ. लेखक ‘एक बाई पाण्याला गेली’ एवढे लिहून मोकळा होतो. चित्रकारास मात्र मोकळे होता येत नाही. बाईने लुगडे कसे नेसले आहे, पदर कोणत्या खांद्यावर आहे, डोक्यावर मातीचा घडा आहे की पितळेची गुंड आहे, पायांत काही आहे की ती अनवाणी आहे, विहिरीवर राहाट आहे की नुसती दोरी आहे, या साऱ्या गोष्टी त्यास ठरवाव्या लागतात. जे शब्दाने गाळले ते रेषेस गाळता येत नाही. म्हणून ज्याने पाण्याला जाणारी बाई खरोखरी लक्ष देऊन पाहिली आहे त्याचेच चित्र खरे उतरते. ज्याने पाहिली नाही त्याच्या चित्रातील बाई कोणत्याच गावची नसते. पुस्तकाचा चित्रकार हा दोन गोष्टींचा साक्षीदार असतो : एक, लेखकाच्या शब्दांचा, आणि दुसरी, डोळ्यांपुढील जगाचा. त्याची साक्ष खोटी पडली तर पुढील पिढ्यांची समजूतही खोटी पडते.

आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या वाचकांस हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. आपल्या सीमेवरून वाहणारी वैनगंगा नदी एका जगप्रसिद्ध पुस्तकात आली आहे. ते पुस्तक म्हणजे रडयार्ड किपलिंग यांचे ‘जंगल बुक’. लांडग्यांत वाढलेल्या मोगलीची कथा ज्या रानात घडते ते रान सिवनीचे, आणि त्या कथेतील नदी वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावून ही नदी बालाघाटमार्गे आपल्याकडे येते, हे भूगोलात आपण शिकतोच. हे पुस्तक १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी आजचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून निराळा झाला. पण हीच नदी तेव्हाही वाहत होती, आणि सातपुड्याच्या याच रानांची कीर्ती त्या कथेने सातासमुद्रांपलीकडे नेली.

किपलिंग यांनी या कथा लिहिल्या त्या मात्र वैनगंगेच्या तीरी बसून नव्हे. अमेरिकेतील व्हर्माँट या थंडीच्या प्रदेशात त्यांचे तेव्हा वास्तव्य होते. मोगलीची पहिली कथा आधी न्यूयॉर्कच्या ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात आली, आणि तिच्यासाठी डब्ल्यू. एच. ड्रेक या अमेरिकन चित्रकाराने चित्रे काढिली. पुढे पुस्तक निघाले तेव्हा त्यात ड्रेक, फ्रेंझेनी आणि लेखकाचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग अशा तिघांची चित्रे होती. म्हणजे आपल्या शेजारच्या रानातील वाघ, अस्वल व लांडगे प्रथम छापून निघाले ते परक्यांच्या रेषेत. यात त्या चित्रकारांचा दोष मुळीच नाही. प्राणी रेखाटण्यात ते कुशल होते, आणि त्यांनी आपले काम मनापासून केले. परंतु त्या रानाच्या काठाने राहणारी माणसे, मोहफुले वेचणारी, धान रोवणारी, तळ्यात जाळे टाकणारी, ही त्या पुस्तकात कथेच्या कडेलाच उभी राहिली. त्यांना जवळून पाहणारा चित्रकार त्या कामावर नव्हता.

अमेरिकेत त्या शतकात पुस्तकांच्या चित्रकारांची मोठी परंपरा निर्माण झाली होती. फेलिक्स डार्ली (१८२२–१८८८) यांनी आयर्विंग व कूपर या आपल्याच देशातील लेखकांच्या कथांस चित्रे दिली. तेथील खेडी, तेथील जंगले व तेथील माणसे यांचे रूप त्या देशातील वाचकांच्या मनात ठसविण्यात अशा चित्रकारांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यामागून हॉवर्ड पाइल (१८५३–१९११) हे आले. त्यांनी १८८३ साली रॉबिन हूडच्या कथा स्वतः लिहून स्वतःच चित्रांकित केल्या. पुढे ते शिक्षक झाले, व विल्मिंग्टन या आपल्या गावी त्यांनी चित्रकारांची शाळाच काढिली. चित्रातील प्रसंगात स्वतः उभे राहिल्यावाचून तो रेखाटू नये, अशी त्यांची शिकवण असे. त्यांच्या शिष्यवर्गात एन. सी. वायेथ यांच्यासारखे पुरुष होते, तशाच जेसी विल्कॉक्स स्मिथ यांच्यासारख्या स्त्रियाही होत्या. आमच्या विद्यार्थिनींनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

आता चित्र पुस्तकात छापतात कसे, हे थोडक्यात सांगतो. कारण ते समजल्यावाचून चित्रकाराच्या अडचणी समजत नाहीत. पूर्वी चित्र लाकडावर खोदीत. कठीण लाकडाचा आडवा काप घेऊन तो गुळगुळीत करीत व त्यावर चित्र उलटे काढीत. म्हणजे उजवा हात डावीकडे. मग खोदकाम करणारा कारागीर, जेथे पांढरे हवे तेथील लाकूड कोरून काढी व काळ्या रेषा तेवढ्या उंच ठेवी. त्या उंचवट्यांस शाई लागे आणि कागद दाबला की चित्र उमटे. हा ठसा खिळ्यांच्या बरोबरीने एकाच चौकटीत बसविता येत असल्याने मजकूर व चित्र एकदमच छापून निघत. यात गोम अशी की, चित्रकाराची रेष कारागिराच्या हातून जाई. कारागीर निष्णात असला तर चित्र जगे. नसला तर चेहरा बिघडे आणि नाव मात्र चित्रकाराचे खराब होई.

दुसरी रीत शिळाछापाची. एका विशिष्ट जातीच्या सपाट दगडावर तेलकट शाईने चित्र काढितात व दगड ओला करितात. तेल आणि पाणी यांचे वैर सर्वांस ठाऊकच आहे. जेथे चित्र आहे तेथे छपाईची शाई धरते, जेथे पाणी आहे तेथे ती धरत नाही. खोदावे असे काहीच लागत नाही. याच रीतीने गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापिले, आणि याच रीतीने पुढे राजा रविवर्मा यांची देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली.

तिसरी रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तीत चित्राचा फोटो बारीक रेघांच्या जाळीतून घेतात. त्यामुळे चित्राचे लहानमोठे ठिपके होतात आणि ते धातूच्या पत्र्यावर उतरवून ठसा बनवितात. गडद जागी मोठे ठिपके, फिक्या जागी लहान. एखादे वर्तमानपत्र घेऊन त्यातील फोटो भिंगाखाली पाहावा, म्हणजे हे ठिपके आजही दिसतील. पिवळा, तांबडा व निळा असे निरनिराळे ठसे एकावर एक छापिले म्हणजे रंगीत चित्र तयार होते. या शोधामुळे चित्रकार आणि वाचक यांच्यामधील कारागिराचा हात दूर झाला. चित्रकाराच्या कुंचल्याचा फटकारा जसाच्या तसा कागदावर येऊ लागला. बंगाल्यात उपेंद्रकिशोर रे यांनी ही विद्या स्वतः अभ्यासून तीत सुधारणा केल्या, आणि मुलांसाठी कथा लिहून त्यांस चित्रेही आपणच दिली. आमचे चरित्रनायक याच संधिकाळात कामास लागले.

ते ज्या संस्थेत घडले तिचीही थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मुंबईचे सर जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय, ज्यास लोक ‘जे. जे. स्कूल’ म्हणतात, ते जमशेटजींनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाले. वर उल्लेखिलेले लॉकवुड किपलिंग हे तेथे १८६५ पासून दहा वर्षे शिक्षक होते. रडयार्ड यांचा जन्मही त्याच वर्षी मुंबईतच झाला. आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशद्वारांवर बाजारकरी माणसांची जी कोरीव चित्रे दिसतात ती लॉकवुड यांच्या हातची. पुढे ते लाहोरास गेले, व १८९१ साली हिंदुस्थानातील पशू आणि माणसे यांच्यावरील एक सचित्र पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. मुलाच्या ‘किम’ या कादंबरीसाठी तर त्यांनी कागदावर चित्रे न काढता उठावाची शिल्पे घडविली आणि त्यांचे फोटो पुस्तकात छापविले. त्यांच्यामागून जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यालयाची धुरा वाहिली. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे प्रचंड काम त्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत चालविले. समोर जे आहे ते नीट पाहा व जसे आहे तसे काढा, हा या विद्यालयाचा पाठ होता.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. कोल्हापूर हे तेव्हाही कलावंतांचे गाव होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा श्रेष्ठ चित्रकार तेथे होता, आणि त्यांचे काम या मुलाच्या पाहण्यात आले. जानेवारी १८९० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, धुरंधर जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. ग्रिफिथ्स यांची नजर त्यांच्यावर बसली. १८९५ साली गृहिणींच्या व्रताच्या प्रसंगावरील त्यांच्या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ज्या विषयाकडे आजवर कोणी चित्राचा विषय म्हणून पाहिलेही नसते, असा तो माजघरातला प्रसंग होता. ना राजा, ना लढाई, ना पुराणातील देवता. घरातील बायका, त्यांची लुगडी, त्यांची लगबग. पदक मिळाले ते या पाहण्यास मिळाले, असे आम्हांस वाटते.

पुढील वर्षी, १८९६ मध्ये, धुरंधर त्याच विद्यालयात शिक्षक झाले, आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. शिष्य व शिक्षक मिळून एकाच संस्थेत एक्केचाळीस वर्षे! त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्ताचे नावच ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ असे आहे. १९२७ साली त्यांना रावबहादुर हा किताब मिळाला, आणि १९३० साली त्यांनी विद्यालयाच्या संचालकपदाची सूत्रे सांभाळिली. त्या आसनावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. छत्रपतींच्या राज्याभिषेकाचे त्यांचे चित्र प्रसिद्धच आहे, आणि नव्या दिल्लीतील सरकारी सचिवालयाच्या भिंतींसाठीही त्यांनी चित्रे काढिली. १ जून १९४४ रोजी ते निवर्तले.

परंतु येथे आमचा विषय त्यांची पुस्तकांतील चित्रे हा आहे. मुंबईत त्या काळी काही विद्याव्यासंगी इंग्रज अधिकारी येथील लोकजीवनावर पुस्तके लिहीत. त्यांस अशा चित्रकाराची गरज होती, ज्यास इंग्रजी पद्धतीचे रेखाटन येते आणि जो येथील घराघरांत वावरलेला आहे. ही दोन्ही अंगे धुरंधरांच्या ठायी एकत्र होती. मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांनी शहरातील गल्लीबोळांचे व मोहरमसारख्या सणांचे वर्णन करणारे पुस्तक लिहिले. त्याच्या १९१२ सालच्या आवृत्तीस धुरंधरांची चित्रे आहेत. १९१४ साली सी. ए. किंकेड यांचे दख्खनच्या कहाण्यांचे पुस्तक निघाले. आपल्या आया-आज्या श्रावणात ज्या कहाण्या सांगत आल्या, आदित्यवाराची, सोमवाराची, महालक्ष्मीची, नागोबाची, त्याच या कहाण्या इंग्रजीत आणिलेल्या आहेत.

या कहाण्यांच्या चित्रांत धुरंधरांचे वैशिष्ट्य उत्तम दिसते. कहाणीचा गद्यसाचा किती त्रोटक असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. कोणे एके काळी एक गरीब ब्राह्मण होता, तो रानात काटक्या आणावयास गेला. एवढ्यावर कथा पुढे धावते. परदेशी मुलाने हे वाचिले तर त्याच्या डोळ्यांपुढे काय येणार? त्याच्या देशातील लाकूडतोड्याच! धुरंधरांनी तेथे धोतर, पगडी, देवघर, समई, पाट, तुळशीवृंदावन हे सारे आपल्या जागी बसविले. त्यास पुस्तकात शोधावे लागले नाही. ते त्यांच्या घरातलेच होते. परक्या लेखकाच्या शब्दांत आपला देश वसविण्याचे काम चित्रकाराने केले.

ऑटो रॉथफील्ड यांचे हिंदी स्त्रियांवरील ग्रंथासाठी केलेले काम याहून मोठे. हा ग्रंथ १९२० साली मुंबईच्या तारापोरवाला मंडळींनी प्रसिद्ध केला, व त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे आहेत. राजघराण्यांतील स्त्रिया, मध्यम वर्गातील स्त्रिया, श्रमजीवी व आदिवासी स्त्रिया, नर्तिका, अशी त्यातील प्रकरणांची मांडणी असून पोशाखावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आज शंभर वर्षांनंतर ही चित्रे पाहताना पदराची ठेवण, नथीचा घाट, जोडव्यांची संख्या, टोपली कंबरेवर घेण्याची तऱ्हा, हे पाहून अभ्यासक त्या काळच्या वेषभूषेचा माग काढितात. लेखकाच्या मतांपैकी पुष्कळ मते आज जुनाट वाटतात; स्त्रीजातीविषयी व निरनिराळ्या जातींविषयी त्याने केलेली विधाने आज कोणी शहाणा मनुष्य उच्चारणार नाही. मजकूर मागे पडला, चित्रे मागे पडली नाहीत. याचे कारण काय? मत बदलते, नीट पाहिलेली गोष्ट बदलत नाही.

तथापि या चित्रांतील एक उणीव सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. अशा ग्रंथांत चित्राखाली स्त्रीची जात, प्रांत किंवा धंदा सांगणारा मथळा असे. तिचे नाव नसे. लेखकास तिचे नाव नको होते. त्यास नमुना हवा होता. ती कोणाची आई होती, कोणाची लेक होती, ती हसत कशाला होती, हे कोणी विचारिले नाही. हा त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा दोष आहे, आणि पुस्तक त्यांचे असल्याने त्या दृष्टीस चित्रकारासही वाट द्यावी लागली. काही टीकाकारांनी असेही म्हटले आहे की, धुरंधरांची चित्रे नाटकातील देखाव्यांसारखी आहेत, व विलायती रीतीचा पगडा त्यांवर फार आहे. कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकूर व त्यांचे शिष्य जुन्या हिंदी शैलीचा पुनरुद्धार करीत होते, तेव्हा मुंबईच्या चित्रकारांवर हा आक्षेप नेहमी येई. हा वाद मोठ्यांचा आहे. त्यात आम्ही पडत नाही. एवढे मात्र खरे की, रीत कोठलीही असो, धुरंधरांच्या चित्रातील बाई महाराष्ट्रात ओळखू येते. तिचे लुगडे सुटून पडेल असे वाटत नाही. कारण ते नेसतात कसे, हे काढणाऱ्यास ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. धुरंधरांची कन्या अंबिका यांचा जन्म १९१२ चा. मुलींनी चित्रकला शिकणे ही गोष्ट ज्या काळी दुर्मिळ होती, त्या काळी पित्याने कन्येस जवळ बसवून शिकविले, तिने जे. जे. स्कूलचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि पुढे २००९ पर्यंतच्या दीर्घ आयुष्यात चित्रकार म्हणून नाव मिळविले. पित्याच्या चित्रांचा ठेवाही तिने जपला, आणि आपल्या आठवणी ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने लिहून ठेविल्या. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८ साली धुरंधरांच्या चित्रांचे जे मोठे प्रदर्शन भरले, त्यावेळी हजारो लोकांनी ती चित्रे पाहिली. ज्या बापाने मुलीच्या हाती पेन्सिल दिली, त्याचे नाव राखण्यास पुढे त्याच मुलीचे हात उपयोगी पडले!

उलट आपल्याकडे काय दिसते? वहीच्या मागच्या पानावर मुलाने बैल काढिला की घरात आरडाओरड होते. ‘गणिताची वही चित्रे काढायला दिली आहे का?’ हा प्रश्न बहुतेक घरी ऐकू येतो. गणिताच्या वहीत बैल काढू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु बैल काढण्यासाठी त्यास दुसरी वही मिळाली पाहिजे, हे पालकांस मान्य व्हावे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांस आमच्या जिल्ह्यातील मुले दरवर्षी बसतात. त्यांपैकी कित्येकांस केवळ वाढीव गुणांसाठी बसविलेले असते, व गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. रेखाकलेचे फळ गुणपत्रिकेवर संपत नाही. ज्या मुलास दहा मिनिटे एका वस्तूकडे स्थिर नजरेने पाहता येते, त्यास विज्ञानाच्या प्रयोगशाळेतही पाहता येते, आणि माणसाच्या चेहऱ्यावरचे दुःखही पाहता येते.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. बोट लाविले की फोटो निघतो. मग हाताने काढीत बसण्याचे प्रयोजन काय? फोटो उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु फोटो काढणाऱ्यास वस्तूकडे पाहावे लागतेच असे नाही, यंत्र पाहते. चित्र काढणाऱ्यास मात्र प्रत्येक रेष आधी डोळ्यांनी व मग हाताने काढावी लागते. ज्या फोटोंकडे पुन्हा कोणी पाहिले नाही असे शेकडो फोटो प्रत्येक मोबाइलमध्ये पडून आहेत. ज्याने नांगराचे चित्र एकदा काढिले, त्यास जू कोठे असते व रुमणे कोठे असते, हे जन्मभर विसरता येत नाही.

आपल्या झाडीपट्टीत रेखाटण्यासारखे किती आहे, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांची रांग, कोहळी पूर्वजांनी बांधिलेले तलाव व त्यांच्या पाळी, गावाची बोडी, ढिवरांचे जाळे, उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचणाऱ्या म्हाताऱ्या, तेंदूपत्त्याची पुडकी बांधणारे हात, बिडी वळताना सुपावर झुकलेले चेहरे, धानाच्या बांधीत जोडीने फिरणारे सारस, दंडारीतील सोंगे, आणि रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटके. यांपैकी काही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत पालटत आहेत. रोवणीस यंत्रे येत आहेत, बिडीचा धंदा ओसरला आहे. पालटू नये असे आम्ही म्हणत नाही. कमरेचे दुखणे जाते तर यंत्र यावेच. परंतु जे जाणार ते कोणी पाहून ठेविले की नाही, एवढाच प्रश्न आहे. मुंबईच्या रस्त्यांस व दख्खनच्या माजघरांस धुरंधर मिळाले. वैनगंगेच्या रानातील लांडग्यांसही न्यूयॉर्कचा चित्रकार मिळाला. आमच्या बांधीत रोवणी करणारीस कोण मिळाले? तिचे चित्र काढावयास कोणी बाहेरून यावयाचे नाही. आणि आला तरी चित्राखाली तिचे नाव लिहील, याची खात्री काय?

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आमचे तुम्हांस एवढेच सांगणे आहे. एक साधी कोरी वही घ्या. दर आठवड्यास एक माणूस, एक अवजार किंवा एक झाड पाहून काढा. पुस्तकातील चित्रावरून किंवा मोबाइलवरून नव्हे, समोर बसून. माणसाचे चित्र काढण्यापूर्वी त्याची परवानगी विचारा. चित्र बरे उतरले नाही तरी पान फाडू नका. आणि चित्राखाली तीन गोष्टी अवश्य लिहा : त्या माणसाचे नाव, गावाचे नाव, व दिनांक. वही भरली म्हणजे ती चित्रकलेच्या शिक्षकांकडे द्यावी. निवडक चित्रे या वार्षिकाच्या पुढील अंकात, काढणाऱ्याच्या व ज्याचे चित्र आहे त्याच्या, अशा दोन्ही नावांनिशी, छापावी असा आमचा मानस आहे. पालकांनी त्या वहीसाठी वर्षातून दहा-वीस रुपये व आठवड्यातून एक तास खर्ची घालावा, ही त्यांस नम्र विनंती आहे.